कौल की स्लॅब? रत्नागिरीची जुनी घरं आकाशातून शोधताना

रत्नागिरीतल्या कुठल्याही जुन्या आळीत जा, एक कौलारू घर, त्याला खेटून तीन मजली बिल्डिंग आणि मधे पाडलेल्या घराचा नुसता चिऱ्याचा चौथरा, आणि तिथे आधी काय होतं विचारलं तर दोन माणसांचं एकमत होत नाही. पण हे आता घरबसल्या बऱ्यापैकी शोधता येतं, तेही बरंचसं फुकट.

गूगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तिथे घर ओळखू येईल असे फोटो साधारण २००० नंतरचेच. लँडसॅट या अमेरिकेच्या उपग्रहांचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ पासून मोफत, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर ३० मीटर (सुरुवातीच्या उपग्रहांचा तर त्याहून मोठा), त्यात आख्खं घर अंगणासकट गडप होतं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नवी कॉलनी कधी उठली एवढं मात्र कळतं.

मला सगळ्यात भारी वाटतात ते अमेरिकेच्या कोरोना या हेर उपग्रहांचे फोटो. १९६० ते १९७२ मधले, फिल्मवर काढलेले, ती फिल्म कॅप्सूलमधून पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतच झेलायचं! १९९५ मधे ते सगळ्यांना खुले झाले. शेवटच्या कॅमेऱ्यांना जमिनीवरचं जवळजवळ दोन मीटरपर्यंतचं दिसायचं, त्यामुळे त्या काळातला तुमच्या गावावरचा बिनढगाचा फोटो मिळाला तर घरं मोजता येतात.

हे फोटो कृष्णधवल, मग कौल कसं ओळखायचं? उतरत्या छपराचं एक पाखं उन्हात उजळ दिसतं, दुसरं काळपट, मधे आढ्याची सरळ रेघ. स्लॅब सगळीकडून सारखाच दिसतो. डिसेंबर-जानेवारीतला सकाळचा फोटो असेल तर उत्तम, सावल्या लांब पडतात आणि सावलीवरून उंचीचाही अंदाज येतो. फक्त अलीकडच्या फोटोंमधे जपून, गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची उतरती शेड टाकलेली असते, ती वरून कौलारू घरासारखीच दिसते. आणि आंब्या-फणसाखाली झाकलेलं घर दिसलं नाही म्हणजे ते नव्हतंच असं कृपा करून धरू नका.

जुना फोटो आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं, पण दोन्हीत न हललेल्या जागा लागतात. १९१० मधे बांधलेला थिबा पॅलेस यासाठी छान, रस्त्यांचे कोपरे नकोत कारण रस्ते रुंद झालेत, आणि देवळांचा जीर्णोद्धार झालाय का ते आधी विचारा. कोरोनाचा फोटो कडांना ताणलेला असतो, म्हणून दोन-चार खुणांवर भागत नाही, आळीच्या चारी बाजूंना भरपूर घ्याव्या लागतात.

वरून घर दिसतं, मालक नाही. त्यासाठी प्रॉपर्टी कार्ड आणि घरपट्टीचे जुने उतारे काढा. आणि घरातले लग्नामुंजीचे फोटो, ज्यात पाहुण्यांच्या मागे ओटी, खांब, पडवी सगळं आलेलं असतं, ते स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेनाने लिहिलेली तारीख तिथेच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून बारीक होतो आणि खांबावरचं कोरीवकाम पार पुसलं जातं.