२४ बिटांचा पत्ता: फायबर चॅनेलमधल्या घोळाची पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या सर्व्हर रूममध्ये जुना स्विच काढून नवा बसवला, की कधीकधी एक कोडे समोर येते. केबली त्याच क्रमाने लावल्या, झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणते स्टोरेज दिसावे याची यादी) जसेच्या तसे उतरवले, तरी एक युनिक्स सर्व्हर डिस्कच सापडत नाही म्हणतो. शेजारचे विंडोज आणि लिनक्स सर्व्हर मात्र काही झालेच नाही असे चालू असतात. या कोड्याचे मूळ ‘पत्ता’ या एका शब्दाच्या ढिल्या वापरात आहे.

फायबर चॅनेल म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांना स्विचमार्फत जोडण्याची पद्धत. त्यात पत्ते दोन. पहिला ६४ बिटांचा डब्ल्यूडब्ल्यूएन (वर्ल्ड वाइड नेम). तो कार्ड किंवा स्टोरेजचा पोर्ट तयार होतानाच त्याला मिळतो आणि उपकरण कुठेही नेले तरी सोबत जातो. दुसरा २४ बिटांचा एफसीआयडी (फायबर चॅनेल आयडी). तो स्विच देतो, उपकरणाने लॉगिन केल्यावर. मॅन्युअलमध्ये दोघांनाही सर्रास ‘अॅड्रेस’ म्हटलेले असते. खरे तर पहिला म्हणजे माणसाचे नाव आणि दुसरा म्हणजे सातबारावरची जागा. आठ बिटांचे डोमेन म्हणजे गाव, पुढच्या आठ बिटांचा एरिया म्हणजे गट नंबर, शेवटचे आठ बिट म्हणजे हिस्सा. फ्रेम, म्हणजे माहितीचे पाकीट, धावते ती या जागेच्या आकड्यावर, नावावर नाही.

सुरुवातीच्या काळाचे थोडक्यात. काम १९८८ला सुरू झाले, मुख्य मानक १९९४ला मंजूर झाले. बऱ्याच ठिकाणी आधी आला तो लूप, म्हणजे सगळी उपकरणे एका रिंगणात. त्यात फक्त शेवटचे आठ बिट वापरले जात आणि सिग्नलच्या एन्कोडिंगच्या अटीमुळे त्यातलेही १२७ आकडेच चालत. एक स्विचसाठी राखीव, उरले १२६. कुणी रिंगणात आले किंवा बाहेर पडले की सगळ्यांची वाहतूक खोळंबायची. स्विच स्वस्त होत गेले तसा लूप मागे पडला.

खरा वाद झाला २००२च्या सुमारास. तोवर सर्वाधिक पसरलेले एका उत्पादकाचे स्विच १६ पोर्टांचे होते. १६ पोर्टांना चार बिट पुरतात. म्हणून एरियाच्या आठ बिटांपैकी खालचे चार पोर्टसाठी आणि वरच्या चारांच्या जागी कायम १ हा आकडा, अशी मांडणी त्याने केली होती. डोमेन १ मधल्या पाचव्या क्रमांकाच्या पोर्टाचा पत्ता हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे डोमेन, एरिया, हिस्सा यांचे दोन-दोन अंक धरून, व्हायचा ०११५००. मग त्याच उत्पादकाचे मोठे, चासीवाले स्विच आले. त्यांना आठही बिट लागणार होते, म्हणून मधला १ गेला आणि तोच पोर्ट ०१०५०० झाला. दोन पद्धती एका फॅब्रिकमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्विचच्या जाळ्यात, नांदत नसत, फॅब्रिक फुटायचे. त्यामुळे मोठा स्विच जोडायचा तर आधी प्रत्येक जुना स्विच बंद करून नव्या पद्धतीवर आणावा लागे. तसे केले की त्यावरच्या प्रत्येक उपकरणाचा पत्ता बदलायचा.

विंडोज, लिनक्सला याचे सोयरसुतक नव्हते, कारण ते डब्ल्यूडब्ल्यूएनवरून ओळखत. एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्समध्ये मात्र डिस्कचा हार्डवेअर पाथ एफसीआयडीवरूनच तयार व्हायचा. पत्ता बदलला की जुनी डिव्हाइस फाइल (सिस्टिम जिच्या नावाने डिस्क गाठते ती) पोरकी. व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे डिस्कांचा गट, एक्स्पोर्ट करून पुन्हा इम्पोर्ट करायचा आणि तोवर डेटाबेस बंद. आयबीएमच्या एआयएक्सवरही हीच गत होती.

आपल्याकडे निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन हलली नाही, मालक बदलला नाही, पण जुन्या खरेदीखतावरचा नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलेल्या माणसाला हेलपाटे पडले.

चूक कुणाची यावर तेव्हा दोन तट होते. स्विचवाल्यांचे म्हणणे, एफसीआयडी प्रत्येक लॉगिनला बदलू शकतो असे मानकच सांगते. त्याला ओळख समजणारी ऑपरेटिंग सिस्टिम चुकली. कागदावर हे बरोबर आहे. पण केबल ज्या पोर्टात, त्यावरून ठरणारा पत्ता वर्षानुवर्षे तसाच ठेवून स्विचवाल्यांनीच तो पक्का असल्याची सवय लावली होती. शनिवारी रात्री अंबडच्या एका कारखान्यात मी हे काम केले आहे. सोमवारची पहिली पाळी सुरू होण्याआधी सतरा व्हॉल्यूम ग्रुप परत उभे करायचे होते आणि जुन्या-नव्या पाथची यादी आम्ही आधी काढून ठेवली नव्हती. त्यामुळे माझे माप थोडे स्विचवाल्यांविरुद्ध झुकते, ते झुकू द्यावे. नंतर त्याच उत्पादकाने तिसरी पद्धत आणली. तिच्यात लहान स्विचचे जुने पत्ते तसेच राहत आणि जास्त पोर्टही मावत. ती आधी आली असती तर कित्येकांची रात्र वाचली असती. एचपी-यूएक्समध्ये पाथवर अवलंबून नसलेली डिव्हाइस फाइल २००७च्या आवृत्तीत आली.

दुसऱ्या एका मोठ्या उत्पादकाने पत्ते वाचवायला एकाच एरियात अनेक पोर्ट बसवले. मानकात त्याला मनाई नाही. तरी काही एचबीएंना (सर्व्हरमधल्या फायबर चॅनेल कार्डांना) आपल्याच डोमेन-एरियातले स्टोरेज दिसेना. मग त्या उत्पादकाला व्यवस्थित चालणाऱ्या एचबीए कंपन्यांची यादी स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावी लागली. यादीत असेल त्याला एक पत्ता, नसेल त्याला २५६ पत्त्यांचा अख्खा एरिया.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांना जोडणे हे आणखी निराळे दुखणे. त्यासाठीच्या इंटरऑप मोडमध्ये डोमेन आयडी ९७ ते १२७ एवढेच चालत, म्हणजे २३९ ऐवजी ३१. शिवाय प्रत्येक कंपनीच्या खास सोयी बंद. पुढे कंपन्याच एकमेकींत विलीन होत गेल्या आणि हा प्रश्न बराचसा बाजारानेच मिटवला.

आता अडचण पत्त्याची कमी आणि वेगाची जास्त. ८ गिगाबिटला रिकाम्या वेळेत पाठवायचा फिल वर्ड बदलला. स्विच आणि स्टोरेजची सेटिंग जुळली नाही तर लिंक लागत नाही किंवा लागून त्रुटींचे आकडे चढत राहतात. १६ गिगाबिटचा पोर्ट ४ पर्यंत उतरतो, ३२ चा ८ पर्यंतच. म्हणून ३२ चा स्विच घेतलेल्या ठिकाणी ४ गिगाबिटची टेप लायब्ररी असेल, तर तिच्यासाठी कधीकधी जुना १६ चा स्विच रॅकमध्ये ठेवला जातो. आणि तो नव्या फॅब्रिकला जोडताना पहिला प्रश्न आजही पत्त्याचाच विचारायचा: याचा डोमेन आयडी काय आहे?