मणक्याला फ्रॅक्चर झालेला हाफबॅक फायनल्स कसा खेळतो?

14 जुलै 2021 रोजी गोल्ड कोस्टला स्टेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांमधल्या रग्बी लीग मालिकेचा, तिसरा सामना झाला. न्यू साउथ वेल्सचा हाफबॅक, म्हणजे संघाच्या चाली रचणारा आणि किक मारणारा खेळाडू, मिचेल मोझेस याचा तो पहिलाच ओरिजिन सामना. क्वीन्सलँडने तो 20-18 असा जिंकला आणि मोझेसच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर झाल्याचं निदान झालं. ऑस्ट्रेलियातल्या क्लबांच्या रग्बी लीगच्या फायनल्स, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्या, त्या वर्षी सप्टेंबरात होत्या. तरीही 12 सप्टेंबरला त्याच्या पॅरामाटा ईल्स क्लबने न्यूकॅसल नाइट्सला 28-20 असं हरवलं, तेव्हा मोझेस मैदानात होता.

मणका मोडला म्हटलं की आपल्याला अंथरुणाला खिळलेला माणूसच आठवतो. ही भीती उगाच नाही. पण मणक्याचा कुठला भाग मोडला, यावर सगळं ठरतं.

कंबरेत पाच मणके असतात. प्रत्येकाचा पुढचा जाडजूड भाग शरीराचं वजन पेलतो. त्यामागच्या हाडाच्या कड्यातून मज्जातंतू जातात. आणि डाव्या-उजव्या बाजूंना हाडाचे दोन चपटे फाटे निघतात, त्यांना ट्रान्सव्हर्स प्रोसेस म्हणतात. टक्कर होणाऱ्या खेळांत बहुधा हेच फाटे मोडतात. कधी प्रतिस्पर्ध्याचा गुडघा कमरेत बसतो, कधी स्नायूच इतक्या जोरात आकसतो की हाडाचा तुकडा ओढून काढतो. हे फाटे वजन पेलत नाहीत, त्यामुळे ते मोडले तरी कणा स्थिर राहतो. अशा वेळी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. डॉक्टर मात्र निर्धास्त नसतात. हाड मोडण्याइतका मार बसला असेल तर शेजारच्या मूत्रपिंडालाही इजा झालेली असू शकते, म्हणून लघवीतून रक्त जातं का हे पाहतात आणि गरज वाटल्यास सीटी स्कॅन करतात.

याउलट जसप्रीत बुमराचं दुखणं आठवा. वेगवान गोलंदाजाच्या कमरेतलं स्ट्रेस फ्रॅक्चर एका धक्क्याने होत नाही. दर चेंडूला वाकणं आणि पिळणं यांचा ताण मणक्याच्या मागच्या कड्यावर साठत जातो. त्याच पाठीपायी तो 2022 च्या टी-20 विश्वचषकाला मुकला, मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पुनरागमन ऑगस्टमध्ये आयर्लंडमध्ये झालं. बातमीत दोन्ही ठिकाणी ‘पाठीचं फ्रॅक्चर’ असंच येतं. वाचकांना एवढ्यावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

फाटा मोडलेल्या हाफबॅकची खरी अडचण लाथ मारताना येते. सोअस नावाचा लांब स्नायू कमरेच्या मणक्यांपासून, या फाट्यांपासूनही, निघतो आणि मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. मांडी वर उचलण्याचं काम त्याचं. संघासाठी लांब किक मारणारा खेळाडू पाय झोकतो, तेव्हा नेमका तो तुटका भाग ओढला जातो. म्हणून आधी चालणं, मग सरळ धावणं, मग वळणं, मग हलक्या किक आणि सगळ्यात शेवटी टॅकल, अशी चढती वाट फिजिओ आखतात.

पडून राहणं या वाटेत जवळजवळ नसतंच. साध्या कंबरदुखीबाबत तर हे प्रयोगाने दिसलं आहे. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला व्यायाम दिले, तिसऱ्याला झेपेल तितकं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. सगळ्यात लवकर हा तिसरा गट बरा झाला.

पण दुखणं थांबलं म्हणजे पाठ पूर्ववत झाली असं नाही. मणक्यांना लगटून मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. क्वीन्सलँड विद्यापीठात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडने तो मोजला. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांत दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस बारीक झालेला होता आणि वेदना गेल्यावरही तो आपोआप भरून आला नाही. 39 रुग्णांच्या त्या अभ्यासात काहींना या स्नायूचे खास व्यायाम दिले होते. वर्षभरात त्यांच्यापैकी 30 टक्क्यांची कंबर पुन्हा दुखली. व्यायाम न दिलेल्या गटात हे प्रमाण 84 टक्के होतं. संघाच्या यादीत नाव पुन्हा झळकलं तरी फिजिओ खेळाडूला पुढे कित्येक महिने या व्यायामांना लावतात, ते यासाठी.