चिस्त्याकोव्ह, पाव्हेल पेत्रोविच

(५ जुलै १८३२ – ११ नोव्हेंबर १९१९). रशियन चित्रकार व कलाशिक्षक. त्व्हेर प्रांतातील प्रुदी या खेड्यात भूदास कुटुंबात जन्म. १८४९ मध्ये सेंट पीटर्झबर्गच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. १८६१ मध्ये सुवर्णपदक मिळाले ते एका ऐतिहासिक चित्राला: भर लग्नसमारंभात सोफिया व्हितोव्हतोव्हना ही राजमाता एका राजपुत्राच्या कमरेचा पट्टा हिसकावून घेते, असा प्रसंग. त्यानंतर अकादमीच्या खर्चाने परदेशात, मुख्यतः रोममध्ये, वास्तव्य. ‘जोव्हानिना’सारखी व्यक्तिचित्रे या काळातली. १८७० मध्ये परतल्यावर ‘अकादमीशियन’ ही पदवी मिळाली.

स्वतःची चित्रे त्याने थोडीच पूर्ण केली. ‘मेस्सालिनाचा मृत्यू’ हे रोमन सम्राज्ञीवरचे मोठे चित्र तर अनेक वर्षे हाती असूनही अपुरेच राहिले. त्याची खरी कामगिरी वर्गातली. १८७२ ते १८९२ या काळात तो अकादमीत शिकवत होता. तेथे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून गुळगुळीत छायांकन करून घेण्याची प्रथा होती. चिस्त्याकोव्हला त्या घोटलेपणाचा तिटकारा. वस्तूची कड गिरवू नका, तिची घनता पाहा, हे त्याचे सांगणे. डोके म्हणजे एकमेकांना जोडलेले पृष्ठभाग. प्रत्येक पृष्ठभाग यथादर्शनाच्या (दूरचे लहान, जवळचे मोठे दिसण्याच्या) नियमाने कुठे वळतो ते आधी ठरवायचे, रंगाकडे नंतर वळायचे. चुरगाळलेल्या कागदाचे रेखाटन ही त्याच्या पद्धतीतली प्रसिद्ध कसोटी. दिसायला पोरखेळ, पण एकही पृष्ठभाग चुकला तर कागद कागद राहत नाही. काम शंभरदा केले की सोपे होते, असे तो म्हणे.

शिष्यांत सूरिकोव्ह, व्हास्नेत्सोव्ह, व्रुबेल आणि सेरोव्ह ही प्रसिद्ध रशियन चित्रकारांची नावे आहेत. पोलेनोव्ह तर अकादमीत जाण्यापूर्वीच, लहानपणी त्याच्याकडे घरी शिकला. रेपिननेही त्याच्याकडे धडे घेतले. सूरिकोव्हची गर्दीने भरलेली इतिहासचित्रे आणि व्रुबेलचे स्फटिकासारखे पैलू पाडलेले ‘दानव’ यांत वरवर काहीच साम्य नाही. गुरूने आपली शैली लादली नाही, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. व्रुबेलच्या पैलूंत मात्र त्या पृष्ठभागांच्या शिकवणीचा धागा सहज दिसतो.

१८९० पासून अकादमीच्या मोझेइक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे) कार्यशाळेचे काम त्याच्याकडे होते. सेंट पीटर्झबर्गजवळील त्सार्स्कोये सेलो (सध्याचे पुश्किन) येथे त्याचे निधन झाले. तेथील त्याच्या लाकडी घरात आज संग्रहालय आहे.