लवंग न घालता लवंगेचा वास येणारी बिअर

हेफेवायझन आणि विटबिअर या गव्हाच्या दोन बिअर शेजारीशेजारी ठेवल्या तर नुसतं बघून ओळखणं अवघड. दोन्ही फिकट पिवळ्या, दोन्ही गढूळ, दोन्हींवर पांढरा फेस आणि दोन्हींत गव्हाचा वाटा साधारण निम्मा. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये दोन्ही मिळतात, पण मेन्यूवर कधीकधी नुसतंच ‘व्हीट बिअर’ लिहिलेलं असतं. मग वास घेऊनच ठरवायचं.

हेफेवायझन जर्मनीतल्या बव्हेरियाची. ग्लास नाकाशी नेला की आधी पिकल्या केळ्याचा वास येतो, त्यामागून लवंग. प्रत्यक्षात तिच्यात ना केळं ना लवंग. ही सगळी करामत यीस्टची. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा, म्हणजे फळांसारखा वास असणाऱ्या संयुगाचा, पिकल्या केळ्यातही तोच असतो. (डंख मारणारी मधमाशी बाकीच्यांना सावध करायला हेच रसायन सोडते. पोळ्याजवळ केळं खाऊ नये म्हणतात ते त्यामुळेच.)

लवंगेचा मामला जास्त मजेशीर आहे. धान्याच्या पेशीभित्तिकांमध्ये फेरुलिक आम्ल असतं. बव्हेरियन यीस्टमधली विकरं त्यातला एक कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात आणि उरतं ४-व्हिनाइल ग्वायकॉल, म्हणजे लवंगेतल्या युजेनॉलचा जवळचा नातलग. बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये हे काम करणारी जनुकं निकामी झालेली असतात, त्यामुळे लागरसारख्या नेहमीच्या बिअरला असा वास आला तर ती बिघडली असं समजतात. उलट हेफेवायझनचे ब्रूअर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात मुरवताना ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा वेळ मुद्दाम थांबतात. तेवढ्यात फेरुलिक आम्ल जास्त सुटतं आणि पुढे लवंग चढते.

विटबिअर बेल्जियमची. होगार्डन गावात ती १९५० च्या दशकात बंदच पडली होती. गावातल्याच पिएर सेलिस या दूधवाल्याने १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. हिच्यात मसाला खरोखरच घालतात, धने आणि संत्र्याची वाळवलेली साल. धन्यातल्या लिनॅलूल या सुगंधी द्रव्यामुळे फुलांचा, जरासा लिंबासारखा वास येतो. चव हलकी, किंचित आंबटसर.

गहूही इथे मोड न आणलेला, कच्चा. त्यातली प्रथिनं आणि स्टार्च यांमुळे बिअर दुधाळ दिसते. हेफेवायझनच्या गढूळपणात यीस्टचा हात मोठा. बाटली उभी ठेवली की साका तळाशी बसतो, म्हणून जर्मन लोक शेवटची थोडी बिअर बाटलीतच घोळवून मग ग्लासात ओततात. हीच बिअर गाळून काढली की क्रिस्टलवायझन होते. ती पिल्सनरइतकी नितळ दिसते, पण केळं-लवंग जागच्या जागी.

ओळखायचंच असेल तर बिअर बर्फासारखी गार नको, वास दबतो. आणि काठावर खोचलेली लिंबाची किंवा संत्र्याची फोड पहिल्या घोटाआधी काढून ठेवा. ती असली की हेफेवायझनही विटबिअरच वाटायला लागते.