पंपाविना चढणारं पाणी

जुन्या ड्रिप कॉफी मेकरचा तळ उघडला की पंप सापडत नाही. मोटरही नसते. यू आकारात वाकवलेली ॲल्युमिनियमची नळी, तिला चिकटून बसलेला हिटर, रबराच्या दोन नळ्या आणि एक इवलासा व्हॉल्व्ह, एवढाच संसार. तरीही टाकीतलं पाणी वर चढून कॉफीच्या भुकटीवर पडतं.

कंप्रेसरवर चालणारा बोअर पाहिलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. तिथं पाण्यात हवा सोडतात. हवा मिसळलेलं पाणी हलकं होतं आणि भोवतालचं जड पाणी त्याला वर रेटतं. इथं हवेच्या जागी वाफ. नळीतलं थोडं पाणी उकळतं, बुडबुडे धरतात, व्हॉल्व्ह परतीची वाट अडवतो आणि घोट-घोट गरम पाणी वर फेकलं जातं. यंत्राची ती घुरघुर याचीच. टाकी रिकामी झाली की नळी कोरडी पडून जास्त तापते आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. त्याच हिटरवर बसवलेला तवा खालचं काचेचं भांडं गरम ठेवतो. एक हिटर, दोन कामं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. म्हणून इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कॉफी उतरायला ९० ते ९६ अंश लागतात. वर चढताना पाणी थोडं निवतंच, त्यामुळे ही उंची आपल्याला फारशी नडत नाही.

विजेवर चालणारा पहिला ड्रिप मेकर म्हणून जर्मनीचा विगोमॅट ओळखला जातो. गॉटलोब विडमान यांनी १९५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. संग्राहकांचा जीव मात्र अडकतो तो ब्राउन या जर्मन कंपनीच्या १९७२ च्या केएफ २० वर. फ्लोरियान सायफर्ट यांनी वर टाकी, मधे गाळणी, खाली भांडं असा उभा मनोराच रचला. दिसायला नादखुळा! पण पाणी माथ्यावर तापवायचं आणि भांडं पायथ्याशी गरम ठेवायचं, म्हणजे एका हिटरवर भागेना. दोन हिटर आले आणि यंत्र महाग झालं.

१९८४ मध्ये हार्टविग काल्के यांनी केएफ ४० मध्ये टाकी भांड्याच्या पाठीशी आणली आणि पुन्हा एकाच हिटरवर काम भागवलं. त्याच्या पाठीवर उभ्या पन्हळी आहेत. अनेकांना ती नक्षी वाटते. खरं कारण साच्यात आहे. महागड्या पॉलीकार्बोनेट प्लास्टिकऐवजी स्वस्त पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिक वापरायचं ठरलं. साच्यात निवताना पॉलीकार्बोनेट अर्धा-पाऊण टक्का आकसतं, तर पॉलीप्रॉपिलीन एक ते अडीच टक्के. मग सपाट पृष्ठभागावर खड्डे आणि लाटा दिसतात. पन्हळींमध्ये ते लपतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, धातू ओतणाऱ्या फाउंड्रीत ज्यानं ओतीव माल निवताना पाहिलाय, त्याला आकसण्याचं हे दुखणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मला स्वतःला केएफ ४० जास्त आवडतो. मनोरा बघायला छान, पण हा विचार करायला लावतो.

आता आपल्याकडची गोष्ट. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं दूध पिणाऱ्या गावात असली यंत्रं जमवली की पाहुणे विचारतातच, "एवढी कॉफी पितं कोण?" त्याला उत्तर नाही. पण विजेच्या प्रश्नाला उत्तर हवंच. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. ९०० वॅटचा हिटर म्हणजे १६ ओहमचा विरोध. तो २३० व्होल्टवर लावला तर शक्ती दुप्पट होत नाही. ती व्होल्टेजच्या वर्गानुसार वाढते, म्हणजे जवळजवळ ३,३०० वॅट. हिटर गेलाच म्हणून समजा. म्हणून पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. एवढं करूनही त्या यंत्रात विजेच्या ठोक्यांवर चालणारं घड्याळ असेल तर ते तासाला दहा मिनिटं मागं पडेल, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. जर्मन २२० व्होल्टचं यंत्र आपल्या विजेवर नऊ टक्के जास्त शक्ती खातं. ते बहुधा निभावतं, फक्त प्लग बदलावा लागतो.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. हिटरच्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती वीज अडवते, पण उष्णता जाऊ देते. टोकाचं सील जुनं झालं असेल तर आषाढातली दमट हवा ती पूड शोषून घेते आणि बटण दाबताच घरचा ईएलसीबी, म्हणजे वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो. यंत्र मेलेलं नसतं, ओलावलेलं असतं. हिटर सुटा करून मंद उबेत वाळवायचा, मेगरनं, म्हणजे वीजगळती तपासायच्या मीटरनं, विरोध तपासायचा आणि मगच वीज द्यायची.

थर्मल फ्यूज, म्हणजे यंत्र फार तापलं की वितळून वीज तोडणारा तुकडा, मात्र एकदाच वितळतो. "फ्यूजच्या जागी तार जोडून देतो, चालू होईल," असं कुणी मिस्त्री म्हणाला तर यंत्र उचलून घरी आणावं. थर्मोस्टॅट चिकटला तर आगीपासून वाचवणारा तोच शेवटचा पहारेकरी.

बोअरच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट उकळताना मोडतो आणि कॅल्शियम कार्बोनेट नळीत थरावर थर चढवतो. थरामुळे उष्णता पाण्यात नीट पोचत नाही, नळी चोंदते आणि कॉफी रेंगाळते. लिंबूसत्वाचं कोमट पाणी फिरवून मुरवत ठेवलं की थर फसफसत सुटतो. तारेच्या ब्रशनं खरवडू नये.

पांढऱ्या एबीएस प्लास्टिकचं पिवळेपण हे उन्हाचं आणि ऑक्सिजनचं काम. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवलं तर ते उतरतं, पण कालांतरानं परत येऊ शकतं. केएफ २० नारंगी आणि लाल रंगातही निघाला होता आणि त्या रंगद्रव्यांत पिवळेपण दिसत नाही. निवडायची संधी मिळाली तर मी डोळे झाकून नारंगी घेईन.