राज्य चित्रपट पुरस्कारांचा पहिला समारंभ (१९५४)

केंद्र सरकारने चित्रपटांना दिलेल्या पहिल्या पुरस्कारांचा समारंभ १० ऑक्टोबर १९५४ रोजी नवी दिल्लीत झाला. पुरस्कार राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते देण्यात आले. आज ज्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार म्हणतात, त्यांची ही सुरुवात. त्या वेळी त्यांना ‘राज्य पुरस्कार’ म्हणत आणि त्यातले ‘राज्य’ म्हणजे शासनसंस्था, प्रांत नव्हे. विचारासाठी १९५३ या वर्षात सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट घेण्यात आले होते. सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य प्र. के. अत्रे निर्मित-दिग्दर्शित ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले.

या पुरस्कारांचे मूळ शोधायचे तर आधी करांकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रांतिक सरकारांनी करमणूक कर भराभर वाढवले. युद्धकाळात हाती पैसा आलेले कंत्राटदार चित्रपटधंद्यात उतरले, नटनट्यांचे भाव चढले आणि प्रभात, न्यू थिएटर्ससारख्या पगारी नोकरांवर चालणाऱ्या जुन्या कंपन्यांचा पाया खचला. ३० जून १९४९ रोजी करांच्या निषेधार्थ देशभरातील चित्रपटगृहे बंद ठेवण्यात आली. त्याच वर्षी सरकारने मुंबईचे काँग्रेस नेते स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. व्ही. शांताराम आणि न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे धंद्यातले जाणकार समितीत होते. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. करमणूक कर कमी करावा, चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ काढावे, तंत्रशिक्षणाची संस्था उभारावी, चांगल्या चित्रपटांचा सरकारने गौरव करावा, अशा शिफारशी त्यात होत्या.

यांपैकी गौरवाची शिफारस सर्वांत आधी अमलात आली, कारण ती सर्वांत स्वस्त होती. अर्थसाहाय्य देणारे महामंडळ आणि पुण्यात प्रभातच्या जागेवर उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट यांना १९६० साल उजाडावे लागले. कराबाबतची निर्मात्यांची ओरड तर पुढेही चालूच राहिली. धंद्याने मागितली होती करसवलत, हाती आधी आले पदक.

त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी असलेल्या केसकरांच्या कारकिर्दीत, १९५२ पासून, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. चित्रपटाची गाणी रेडिओवर नकोत आणि चित्रपटाला सुवर्णपदक मात्र द्यायचे, या दोन गोष्टी एकाच खात्यातून निघाल्या. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो, पण त्यामागचा विचार एकच आहे: चित्रपट हे माध्यम प्रभावी आहे, म्हणून त्याला वळण लावले पाहिजे. पुरस्कारांचे जाहीर केलेले उद्दिष्टही तेच सांगते. कलात्मक आणि तांत्रिक दर्जाबरोबरच शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांना उत्तेजन देणे, असे ते होते. करमणुकीचा उल्लेख त्यात नाही.

निवडीची रचनाही सरकारी चाकोरीतली होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन निर्मितिकेंद्रांवर प्रादेशिक समित्या आणि त्यांच्यावर एक मध्यवर्ती समिती. मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष मंगलदास पकवासा हे मुरलेले काँग्रेस नेते आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचे माजी राज्यपाल होते. पुरस्कारही मोजकेच ठेवले होते. कथाचित्रपट आणि माहितीपट यांना राष्ट्रपतींचे एकेक सुवर्णपदक, बालचित्रपटाला पंतप्रधानांचे सुवर्णपदक आणि त्याखाली गुणवत्ता प्रमाणपत्रे. अभिनय, संगीत, छायाचित्रण यांपैकी कशालाही स्वतंत्र पुरस्कार नव्हता. गौरव व्हायचा तो चित्रपटाचा. भाषावार पुरस्कारही पहिल्या वर्षी नव्हते, त्यामुळे मराठी चित्रपटाला हिंदी, बंगाली, तमिळ अशा सगळ्यांशी एकाच रांगेत टक्कर द्यावी लागली.

माहितीपटाचे सुवर्णपदक फिल्म्स डिव्हिजनच्या ‘महाबळेश्वर’ला मिळाले. म्हणजे दोन्ही सुवर्णपदकांचा विषय सह्याद्रीच्या आसपासचाच निघाला, एक घाटमाथ्यावरचा, दुसरा घाटाखालचा. ‘महाबळेश्वर’चे दिग्दर्शक जगत मुरारी पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले आणि तिथल्या सुरुवातीच्या पिढ्या त्यांच्या हाताखाली घडल्या. माहितीपटांत ‘होली हिमालयाज’ आणि ‘ट्री ऑफ वेल्थ’ यांना प्रमाणपत्रे मिळाली. बालचित्रपटाचे सुवर्णपदक मात्र कोणालाच दिले गेले नाही. ‘खेला घर’ या बंगाली चित्रपटाची प्रमाणपत्रावर बोळवण झाली. पंतप्रधानांच्या नावाचे पदक पहिल्याच वर्षी पेटीत राहावे, यावरून मुलांसाठीच्या चित्रपटांची तेव्हाची स्थिती कळते. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली बालचित्रपट संस्था स्थापन झाली.

कथाचित्रपटांत गुणवत्ता प्रमाणपत्रे मिळवणारे दोघे होते: देवकी बोस यांचा बंगाली ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ आणि बिमल रॉय यांचा हिंदी ‘दो बिघा जमीन’. यांतले दुसरे नाव पाहून आजचा वाचक थबकतो. बिमल रॉय यांच्या या चित्रपटाला त्याच वर्षी कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि चित्रपटकलेच्या इतिहासात त्याचे स्थान ‘श्यामची आई’पेक्षा वरचे मानले जाते. मग दिल्लीतला क्रम उलटा का लागला?

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की उत्तर सापडते. दोन्हींच्या मुळाशी कर्ज आहे. साने गुरुजींच्या मूळ कथेत पालगडचे एक खाऊनपिऊन सुखी घर कर्जात बुडते, सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसतो आणि आई अपमान गिळत खंगत जाते. ‘दो बिघा जमीन’मधला शंभू महातो जमीनदाराचे २३५ रुपये फेडण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. शेवटी त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहिलेला असतो. कुंपणापाशी तो मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी त्याला तीही टाकायला लावतो. बलराज साहनींनी रंगवलेला हा माणूस पाहणाऱ्याला विचारतो की हे कोणी केले. श्यामची आई तो प्रश्न विचारत नाही. घर गेले तरी मुलाचे मन मळू नये, ही तिची काळजी. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला ती पदरावर पाय ठेवू देते आणि मनही असेच जपायला सांगते. स्वातंत्र्यानंतर सातच वर्षांनी, विकासाचे कारखाने उभारायला निघालेल्या सरकारला कोणता चित्रपट सुवर्णपदकाचा वाटावा, हे सांगायला नको. यात लबाडी नव्हती. ‘शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य’ हीच कसोटी लावली तर ‘श्यामची आई’ तीवर पुरेपूर उतरतो.

शिवाय ‘श्यामची आई’ हा काही केवळ उपदेशपट नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. चित्रपट तीन वर्षांनी हुकला, गुरुजी १९५० मध्येच गेले होते. ‘सिकंदर’मुळे गाजलेल्या वनमालाबाईंनी आईची भूमिका केली आणि माधव वझे या मुलाने श्यामची. हे वझे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून ओळखले गेले. संगीत वसंत देसाई यांचे. आशा भोसले यांच्या आवाजातले ‘भरजरी गं पितांबर दिला फाडून’ हे अत्र्यांचे गीत आणि ‘छडी लागे छम छम’ हे वसंत बापटांचे गीत आजही शाळेच्या स्नेहसंमेलनांत ऐकू येतात. विनोदासाठी आणि विडंबनासाठी प्रसिद्ध असलेल्या अत्र्यांनी इतका हळवा चित्रपट करावा याचे अनेकांना नवल वाटते, पण ते स्वतः हाडाचे शिक्षक होते, हे विसरून चालत नाही.

अत्रे आणि हा पुरस्कार यांच्या नात्यात एक गंमत दडलेली आहे. ज्या स. का. पाटलांच्या समितीने चित्रपटगौरवाची शिफारस केली, तेच पाटील मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या विरोधात उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांच्या तोफखान्याचे पहिल्या क्रमांकाचे लक्ष्य ठरले. १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘मराठा’ दैनिकात त्यांच्यावर जे बरसले, त्याला मराठी पत्रकारितेत तोड नाही.

त्याच वर्षी मुंबईत दुसरा एक समारंभ झाला होता. २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअर पुरस्कारांचे पहिले वितरण पार पडले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ आधी त्यांना ‘क्लेअर’ म्हटले गेले. तिथे कौल वाचकांच्या मतांचा होता आणि बक्षिसे पाच: चित्रपट ‘दो बिघा जमीन’, दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार, अभिनेत्री मीनाकुमारी, संगीतकार नौशाद. दिल्लीत पदकावर सरकारी मोहोर होती, तर इथे हाती येई ती एक पुतळी. तिच्या घडणीत शिल्पकार ना. ग. पानसरे यांचा हात होता. स्पर्धा मात्र हिंदीपुरती असल्याने ‘श्यामची आई’चा तिथे प्रश्नच नव्हता. दिल्ली आणि मुंबई यांच्या निवडीतला हा फरक पुढे कायमचाच झाला: एकीकडे समितीचा ‘दर्जा’, दुसरीकडे प्रेक्षकांचे तारे.

दिल्लीतल्या पुरस्कारांत दुसऱ्याच वर्षी बदल झाला. प्रादेशिक भाषांतील उत्तम चित्रपटांना राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळू लागले आणि मराठीतले पहिले रौप्यपदक पुन्हा अत्र्यांनीच नेले, ‘महात्मा फुले’साठी. त्यात बाबूराव पेंढारकर जोतिरावांच्या भूमिकेत होते. सुवर्णपदक सोहराब मोदींच्या ‘मिर्झा गालिब’ला गेले, त्यानंतरच्या वर्षी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला. १९५७ च्या चित्रपटांत शांतारामबापूंच्या ‘दो आँखे बारह हाथ’ने ते पटकावले, पण तो हिंदी. मराठी चित्रपटाला सर्वोच्च मान पुन्हा मिळाला तो २००३ च्या पुरस्कारांत, ‘श्वास’ला. मधे पन्नास वर्षे गेली. त्यानंतर ‘देऊळ’ (‘ब्यारी’सह विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी ही वाट वहिवाटीची केली.

कलावंतांना मात्र बराच काळ थांबावे लागले. वनमालाबाईंच्या वाट्याला त्या समारंभात अभिनयाचे पदक येणे शक्यच नव्हते. अभिनेता आणि अभिनेत्री यांचे पुरस्कार १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि त्यांचे पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस ठरले.