कौलातला कवडसा आणि चार बाय पाचचा कॅमेरा

सांगलीतल्या आमच्या जुन्या घरावर मंगलोरी कौलं होती. उन्हाळ्यात भर दुपारी एखाद्या फटीतून कवडसा जमिनीवर उतरायचा आणि तो नेहमी गोलच असायचा. फट चिरेसारखी असो की तिकोनी, कवडसा गोल. कारण कळायला बरीच वर्षं गेली. जमिनीवर पडतो तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. 15 जानेवारी 2010 च्या दुपारी ग्रहण लागलं, तेव्हा अंगणातल्या कडुलिंबाखाली कवडशांच्या जागी शेकडो चंद्रकोरी पसरल्या होत्या. पानांमधली प्रत्येक फट एकेक कॅमेरा झाली होती.

शाळेच्या पुस्तकातला सूचिछिद्र कॅमेरा तो हाच. खोक्याच्या एका बाजूला बारीक भोक, समोरच्या बाजूला फिल्म, भिंग नाही. हल्ली अशा कॅमेऱ्यांचे लाकडी किट मिळतात. लेझरने कापलेले प्लायवूडचे तुकडे खाचेत खाच बसवून चिकटवायचे, तळाला ट्रायपॉडसाठी पाव इंची नट ठोकायचा, भोकावर लाकडी झडप लावायची. मागे चार बाय पाच इंची फिल्मचा होल्डर सरकतो. दोन संध्याकाळी काम होतं. फेविकॉल वाळण्याची घाई तेवढी करू नये. मी केली, आणि एका सांध्यात केसाएवढी फट राहिली. तिच्यामुळे पहिल्या चारही फिल्म काळ्या झाल्या. तेव्हापासून खोकं जोडलं की अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत टॉर्च पेटवून ठेवतो आणि बाहेरून प्रत्येक सांधा पाहतो. आतून फळ्याचा काळा रंग द्यायचा, म्हणजे आतल्या आत परावर्तन होत नाही.

किटमध्ये भोक पाडलेला पत्रा येतो, तरी माझा आग्रह आहे की भोक स्वतः पाडावं. या कॅमेऱ्यातलं सगळं विज्ञान त्या भोकात आहे.

भोक जितकं बारीक तितकं चित्र रेखीव, असं आपल्याला वाटतं. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे, कारण मोठ्या भोकातून समोरच्या एकेका बिंदूचा फिल्मवर भोकाएवढा ठिपका उमटतो. पण भोक फार लहान केलं की प्रकाशाचं लाटपण जागं होतं. अरुंद वाटेतून निघालेला प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि चित्र पुन्हा धूसर होतं. म्हणजे प्रत्येक खोक्याचं एक योग्य भोक असतं. लॉर्ड रॅले यांनी 1891 मध्ये याचा नीट अभ्यास मांडला. त्यातून आलेला हिशेब आजही वापरतात: भोकापासून फिल्मपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला हिरवट प्रकाशाच्या तरंगलांबीने, म्हणजे 0.00055 ने गुणा, वर्गमूळ काढा आणि 1.9 ने गुणा. माझ्या खोक्यात अंतर 75 मिलिमीटर, म्हणून भोक 0.39 मिलिमीटरचं.

आता मोठ्या फिल्मचा खटाटोप कशासाठी ते याच वर्गमूळात दडलं आहे. कॅमेरा सगळ्या बाजूंनी चौपट केला, तर योग्य भोक फक्त दुप्पट होतं. चित्र चौपट रुंद, ठिपका दुप्पट, म्हणजे तपशील दुप्पट! भिंग नसलेल्या कॅमेऱ्याला रेखीवपणा हवा असेल तर त्याने आकारानेच मोठं व्हायला हवं. किंमत वेळेने मोजावी लागते, कारण त्याच हिशेबाने फिल्मवरचा उजेड एक चतुर्थांश होतो.

भोकासाठी मी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा घेतो. खाली जाड पुठ्ठा ठेवून सुईने नुसता खळगा पाडायचा, मागे आलेला उंचवटा 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा हलकं टोचायचं. सुई आरपार घातली की भोक हमखास मोठं होतं. मग पत्रा स्कॅनरवर 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 ठिपके, ठेवून ठिपके मोजायचे. 18 ठिपके भरले की 0.38 मिलिमीटर झालं.

या भोकाची एफ संख्या, म्हणजे फिल्मपर्यंतचं अंतर भागिले भोकाची रुंदी, साधारण 195 येते. आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. आयएसओ 100 च्या फिल्मला लख्ख उन्हात दीड सेकंद, तर आयएसओ 6 धरलेल्या फोटोच्या कागदाला साधारण 25 सेकंद. संध्याकाळी मिनिटं लागतात, आणि प्रकाश मंद असला की फिल्मही सुस्तावते, त्यामुळे हिशेबापेक्षा जास्तच वेळ द्यावा लागतो. कोपरे अंधारतात, तो दोष नव्हे. माझ्या खोक्यात कोपऱ्यांना मध्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा उजेड पोचतो, कारण तिथे प्रकाश लांबून आणि तिरका येतो.

शीट फिल्म महाग पडते. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळे मी एक्स-रे फिल्मकडे वळलो. हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली आठ बाय दहाची एक फिल्म कापली की आपले चार तुकडे होतात, आणि हे काम लाल दिव्यात करता येतं. तिला दोन्ही बाजूंनी लेप असतो, नख लागलं तरी ओरखडा उठतो. डिजिटल एक्स-रेच्या प्रिंटरची फिल्म मात्र घेऊ नका. ती उष्णतेवर चालते, कॅमेऱ्यात उपयोगाची नाही.

मागच्या हिवाळ्यात कृष्णेच्या घाटावर खोकं मांडलं, समोर 1929 सालचा आयर्विन पूल. या खेपेला होल्डरमध्ये कागद होता. झडप उघडून 25 अंक मोजले. तेवढ्यात पुलावरून कितीतरी गाड्या गेल्या असतील. निगेटिव्ह धुऊन दोरीवर टांगली तेव्हा पूल रिकामा होता आणि नदी तापल्या दुधावरच्या सायीसारखी स्थिर. घाटाच्या शेवटच्या पायरीवर एक बाई कपडे धूत होत्या. त्यांची पावलं, लुगड्याचा काठ, शेजारची बादली स्पष्ट उमटली आहे. हात कुठेच नाहीत, फक्त त्या जागी दगडावर एक फिकट पट्टा.